पाण्याखालची जानाई

सोलापूर
१४ एप्रिल १९७९

चि. धोंडीराम,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

मी कॅमेरा घेते आहे. पाण्याखाली फोटो काढता येईल असा. तुला आधी कळवते, म्हणजे आक्कानं चोरून केलं असं मागाहून म्हणायला नको.

परवा चैत्री पौर्णिमेला जानाईच्या दोन जत्रा झाल्या. एक तुझ्या नव्या वाघोरीत, दुसरी रावजीच्या माळावर. मी एकीलाही गेले नाही. गाव भीमेच्या पाण्याखाली गेलं, सरकारनं दोन ठिकाणी जमिनी दिल्या, अर्धी माणसं तुझ्याबरोबर गेली, अर्धी रावजीबरोबर. इथवर मला समजतं. देवी दोन ठिकाणी कशी गेली, हे समजत नाही.

तू म्हणतोस, गाव सोडायच्या दिवशी जानाईचा तांदळा, तिचा तो शेंदरी दगड, तू शालीत गुंडाळून खांद्यावर घेऊन आलास. रावजी म्हणतो, जानाई जमिनीतून वर आलेली, ती हलणारच नाही, म्हणून माळावर त्यानं तिच्या नावानं नुसता नारळ मांडला आहे. तू तिचे चांदीचे डोळे उपटलेस आणि रस्त्यावरच्या दगडाला शेंदूर फासून त्यावर बसवलेस. देवळात तू एकटा होतास, कारण उचलायचा मान आपल्या घराचा. बाकी सगळा गाव बाहेर.

कुर्डुवाडीच्या बैठकीत तू मला सगळ्यांदेखत विचारलंस, “आक्का, तू शिकलेली. सांग यांना, मी खोटं बोलंन का?” मी म्हणाले, मी देवळात नव्हते, मी पाहिलेलं नाही. ते खरं होतं. आजही विचारलंस तर तेच सांगेन. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. तुझ्या गावात पोरं तुझ्या भिंतीवर कोळशानं ‘देवीचोर’ लिहितात, तेही मला परक्याकडून कळतं.

तुमच्या बाजूचा भोई पाण्यात बुडी मारून आला आणि म्हणाला, देवळात नुसता खड्डा आहे. रावजीचा भोई त्याच पाण्यात उतरला आणि म्हणाला, जानाई जागेवर आहे. यातून मी काय समजावं? कॅमेऱ्याला भाऊबंद नसतात. पाणी आता उतरत चाललं आहे. पावसाळ्यात ते पुन्हा चढायच्या आत फोटो काढायचा.

खड्डा निघाला तर मी बैठकीत उभी राहून तुझ्या बाजूनं बोलेन. दगड निघाला तर तेही सांगेन. 

वच्छला


सोलापूर
२३ एप्रिल १९७९

चि. धोंडीराम,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

नव्या पेठेत चनबसप्पाचा फोटो स्टुडिओ आहे. आमच्या शाळेचे वार्षिक फोटो तोच काढायचा. मी काम सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि हसायला लागला.

“बाई, नळाला चार दिवसांनी पाणी येतं सोलापुरात. आणि तुम्हाला पाण्याखालचा फोटो पायजे?”

“पाणी माझं मी बघते. कॅमेरा कोणता ते सांगा.”

त्यानं जे सांगितलं त्यातलं निम्मं त्यालाही ठाऊक नव्हतं, हे मला चारपाच दिवसांनी कळलं. माझी एक विद्यार्थिनी मुंबईला असते, तिचे यजमान गोदीत पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या पाणबुड्यांत आहेत. त्यांनी नवशिक्यांसाठी म्हणून काही इंग्रजी चक्रमुद्रित पानं पाठवली. ती मी तीनदा वाचली. बी. ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं, पण ही पानं वाचून डोकं भणभणलं.

एक कॅमेरा असा येतो म्हणे, की तो थेट पाण्यात न्यायचा, वर काहीच लागत नाही. तो परदेशातून आणावा लागतो. सोडून दिला. दुसरा मार्ग, चांगल्या कॅमेऱ्याला धातूची पेटी करून घ्यायची. चनबसप्पा म्हणाला, साधा डबा कॅमेरा घ्या, त्यात बिघडायला काही नाही. मी घेणारच होते. पण पानांत लिहिलं आहे, की गढूळ पाण्यात वस्तूच्या अगदी जवळ, तीनचार फुटांवर जावं, लांबून काढला तर नुसतं पाणी येतं. आणि डबा कॅमेऱ्याला जवळचं स्पष्ट दिसतच नाही, पाचसहा फुटांच्या पुढचंच दिसतं. म्हणजे जो सोपा तो निरुपयोगी. शेवटी चनबसप्पाच्या कपाटातला एक जुना जर्मन कॅमेरा ठरवला. त्याला अंतर लावायची कडी आहे, तीन फुटांपर्यंत येते.

आता त्या अंतराचं ऐक. पाण्यात वस्तू असते त्याहून जवळ दिसते. टेपनं मोजलं तर चार फूट, डोळ्याला तीन. पानं म्हणतात, डोळ्याला दिसतं ते लावा, मोजलेलं लावू नका. म्हणजे खोटं अंतर लावलं तर फोटो खरा येतो. मी आयुष्यभर मुलींना पट्टीनं मोजायला शिकवलं. आता या वयात मला हे शिकायचं आहे.

फिल्म साधी की रंगीत, हा शेवटचा प्रश्न होता. चनबसप्पा म्हणाला, “दगड काळा, पाणी काळं. रंगीत घेऊन काय करता बाई? आणि ती धुवायला मुंबईला पाठवावी लागते.” मला पटलं. साधी घेतली.

वच्छला


सोलापूर
२ मे १९७९

चि. धोंडीराम,

तुझं कार्ड मिळालं. ‘आक्का, पाण्यात उतरू नको. धोंडीराम.’ एवढंच. मी ते उलटून पाहिलं, मागं फक्त पत्ता.

हे तू माझ्या वयाकडे बघून लिहिलंस की फोटोच्या भीतीनं? पहिलं असेल तर दोन ओळी जास्त लिहायच्या होत्यास. दुसरं असेल तर एवढंही लिहायचं नव्हतंस. मी दोन दिवस याचाच विचार करते आहे आणि काही ठरत नाही.

उतरणार मीच. तुझा भोई नको, रावजीचा नको. भोपळे बांधून भीमेत कोण पोहायला शिकलं होतं आणि काठावर बसून कोण रडत होतं, ते आठव. इथल्या पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची वेळ असते, तिथं मी रोज जाते. बुडी मारून तळाची फरशी शिवून येते. बाकीच्या बायका कडेला उभ्या राहून बघतात.

पेटी झाली. पितळेची, पुढं जाड काच. झाकणाला प्रेशर कुकरची रबरी कडी बसवली. बटण दाबायला बाहेरून एक दांडी आत नेली आहे, तिच्या भोकाला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. पहिल्यांदा हौदात सोडली तर पेटी खाली जाईचना. आत हवा, ती वर येते. मग तिला तराजूची लोखंडी मापं बांधली, तेव्हा बुडाली. दुसऱ्यांदा बुडाली, पण काचेवर आतून दव धरलं आणि काही दिसेना. कारण मी पेटी न्हाणीघरात बंद केली होती, तिथली ओलसर हवा आत राहिली. पेटी भर उन्हात, कोरड्या हवेत बंद करायची असते. हे पानांत होतं. मी वाचलं होतं आणि तरी चुकले.

एका बुडीत एकच फोटो निघतो. पुढची फिल्म सरकवायला पेटी उघडावी लागते. म्हणजे दर वेळी वर या, हात कोरडे करा, परत बंद करा.

तुला थांबवायचं असेल तर कारण लिही. नुसतं ‘नको’ मला चालत नाही.

वच्छला


सोलापूर
९ मे १९७९

चि. धोंडीराम,

उतरले. काल.

नाव गुंडा भोयाची. तो ना तुझा ना रावजीचा, धरण झाल्यावर मासे धरायला वरून आलेला. त्यानं मला काष्टा घालून पेटी गळ्यात अडकवताना पाहिलं आणि वल्हं खाली ठेवलं.

“बाई, ह्या वयात? घरात कुणी सांगनारं न्हाय का?”

“मी मुख्याध्यापिका होते. मला कोणी सांगत नाही.”

“मग बुडताना बी कुणी सांगनार न्हाय. दोर बांदा कमरंला.”

बांधला. बरोबर बोलला.

जुन्या वाघोरीवरून नाव जाते तेव्हा खाली काही दिसत नाही. पाणी हिरवट. देवळाचं छत तुम्ही तुळयांसाठी काढून नेलंत, भिंती उभ्या आहेत. भिंतीचा माथा वल्ह्याला लागला तेव्हा गुंडा म्हणाला, हितंच. आत दोन पुरुष पाणी. मी चार बुड्या मारल्या. पहिल्या बुडीत मला दार कोणत्या बाजूला तेच कळेना. आपलं देऊळ, लहानपणी डोळे मिटून फिरत होतो आपण तिथं. पाण्यात दिशा राहत नाहीत. डावीकडे हात लांबवला तर उजवीकडची भिंत लागली असं वाटलं. कानात दुखतं. तळाला पाय टेकला की गाळ उठतो आणि मग हातसुद्धा दिसत नाही.

चौथ्या बुडीत गाळ न उठवता वरून गेले. समोर काहीतरी होतं. गोल, काळं, गुडघ्याएवढं उंच. हातांत पेटी होती, शिवता आलं नाही. दांडी दाबली आणि वर आले.

आज चनबसप्पानं फिल्म धुतली. तीन फोटोंत धुकं आहे. चौथ्यात दगड आहे, धोंडीराम. जागेवर आहे. काळा, घुमटासारखा. खड्डा नाही. डोळे दिसत नाहीत. ते गाळाखाली आहेत की उपटले आहेत, फोटोवरून सांगता येत नाही.

चनबसप्पानं तो फोटो न विचारता बाहेर काचेत लावला. संध्याकाळपर्यंत मंडईतनं ही बातमी माळावर पोचली. उद्या रावजी येतो म्हणे. कुर्डुवाडीला जूनच्या सुरुवातीला बैठक लावणार आहे.

मी फोटो काचेतून काढून घेतला, पण त्याचा आता उपयोग नाही. मला काय वाटतं, ते मला सांगता येत नाही. तू खोटं बोललास का? उत्तर दे.

वच्छला


सोलापूर
१३ मे १९७९

चि. धोंडीराम,

घाईत लिहिते आहे.

रावजी आला होता. फोटो हातात धरून म्हणाला, “बघा आक्का, शेंदरासकट बसलीया आमची जानाई. तुमच्या भावानं नुसतं डोळं नेलं.” 

मी म्हणाले, शेंदूर कुठं दिसतो आहे तुम्हाला? म्हणाला, “काळ्या-पांढऱ्यात शेंदूर काळाच दिसनार की.”

तो गेला आणि मी तेच वाक्य घेऊन बसले. शेंदूर काळाच दिसणार. दगडही काळाच दिसणार. मग माझ्या फोटोत दिसतं ते काय आहे, शेंदूर की दगड? चक्रमुद्रित पानं पुन्हा काढली. त्यात लिहिलं आहे, आणि हे मी तीनदा वाचून सोडून दिलं होतं: पाण्यात सर्वांत आधी लाल रंग नाहीसा होतो. थोडं खोल गेलं की लाल वस्तू डोळ्यालाही काळपट दिसते. तिचा रंग बघायचा असेल तर रंगीत फिल्म लागते आणि प्रकाश आपण सोबत न्यावा लागतो.

म्हणजे मी गेले, डोळ्यांनी पाहिलं, फोटो काढला, आणि जे पाहायचं तेवढंच पाहिलं नाही. दगड काळा, पाणी काळं, म्हणणारा चनबसप्पा. पण मान डोलावली ती मी.

आता रंगीत फिल्म घेतली आहे. पेटीला एक लोखंडी हात जोडला, त्याच्या टोकाला फ्लॅशचा बल्ब. तो कॅमेऱ्याच्या नाकासमोर ठेवायचा नाही, बाजूला धरायचा, नाहीतर मधला गाळच चमकतो. परवा पुन्हा उतरते.

यावेळी पेटी गळ्यात ठेवून एक हात मोकळा ठेवणार आहे.

वच्छला


सोलापूर
३० मे १९७९

चि. धोंडीराम,

मुंबईहून रंगीत फोटो आला. समोर ठेवून लिहिते आहे.

दगड उघडा आहे. करडा, खरबरीत. त्यावर शेंदराचा थेंब नाही. फक्त बुडाशी, जमिनीला टेकतो तिथं, लाल कड आहे. बांगडी फुटून राहावी तशी, सभोवार, तुटक. पुन्हा उतरले त्या दिवशी माझ्या मोकळ्या हातालाही ती लागली होती. वर खडबडीत, खाली मेणासारखं गुळगुळीत आणि मग एकदम कंगोरा. हात लावून कळलं नव्हतं. रंग पाहून कळलं.

तुला मी काय सांगायचं. शेंदूर-तेलाचे थर पिढ्यानुपिढ्या चढतात, दोन बोटं जाड होतात, आणि कधीतरी ती सगळी खोळ दगडापासून सुटते. आजोबांच्या वेळी एकदा आपोआप सुटली होती, ती वाजतगाजत भीमेत सोडली असं आजी सांगायची. तू आणलीस ती खोळ. नाक, तोंड, डोळे, सगळं जशाच्या तसं बसलेली, आत पोकळ. म्हणून ती एका माणसाच्या खांद्यावर आली. तू डोळे उपटले नाहीस. रस्त्यावरचा दगडही आणला नाहीस. आणि जानाई उचलून आणली म्हणालास, तेही तसं नव्हतं. तुझा भोई खड्डा आहे म्हणाला, ते तर खोटंच होतं, आणि तू ते चालू दिलंस.

दगड हलला नसणार. तू पहार लावली असशील, तो हलला नाही आणि खोळ सुटून हातात आली. बाहेर गाड्या जुंपलेल्या, बायका ओटीचं सामान घेऊन उभ्या, पाणी खालच्या आळीत आलेलं. देवी येत नाही असं बाहेर येऊन सांगितलं असतंस तर एकही गाडी हलली नसती. म्हणून तू शाल गुंडाळलीस आणि बाहेर आलास. असं झालं का? हे मी तुझ्या वतीनं रचते आहे. तू असं कधीच म्हणालेला नाहीस आणि मला असं रचायची सवय नाही.

माझी अडचण ऐक. बैठकीत मला विचारतील, धोंडीरामानं जानाई आणली की नाही? मी देवभोळी नाही, तुला ठाऊक आहे. पण प्रश्न तर देवीचा आहे. दगड म्हणजे जानाई, की तोंड म्हणजे जानाई? मला ठरवता येत नाही. आजवर मला न येणारा प्रश्न मी मुलींना कधी घातला नाही, आणि आता माझ्यापुढंच तो आला.

मी जे पाहिलं ते सगळं सांगणार. बैठकीआधी तू ये, किंवा लिही. तुझ्या तोंडून आधी निघालं तर ते चांगलं. मी सांगेपर्यंत थांबू नको.

वच्छला


सोलापूर
७ जून १९७९

चि. धोंडीराम,

तू आला नाहीस, लिहिलं नाहीस. कुर्डुवाडीला मागच्या खांबाशी बसलेला दिसलास. मी उभी राहिले आणि म्हणाले, “दगड जागेवर आहे. धोंडीरामानं शेंदराची खोळ आणली, दगड आणला नाही.” एवढ्यावर तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. माझं पुढचं वाक्य ऐकायला थांबला नाहीस. म्हणून हे पत्र.

तू बाहेर पडल्यावर रावजीची माणसं ओरडायला लागली. रावजी खुर्चीवर चढला. “ऐकलं का? बहिनीनंच सांगितलं! देवीचोर, देवीचोर!” मी त्याला खाली बस म्हणाले. तो बसला, का ते मला माहीत नाही. त्याची पोरगी माझ्या वर्गात होती म्हणून असेल. मग मी रंगीत फोटो फिरवला. डोळे खोळीतच आहेत, कोणी उपटलेले नाहीत, हे सांगितलं. बुडाची लाल कड दाखवली. ज्यांना शंका असेल त्यांनी नव्या वाघोरीला जाऊन खोळीच्या खालची कड बघावी, दोन्ही कडा जुळतील, असंही म्हणाले. फोटो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात होता आणि प्रत्येक जण वेगळंच बोलत होता. कोणाला दगडच देवी वाटली, कोणाला लाल कड. एक जण म्हणाला, फोटो उलटा धरलाय. मला वाटलं, हे सगळं करून मी गोंधळच वाढवला.

तेवढ्यात रावजीच्या बाजूच्या बायकांतून सारजाबाई उठली. ती आता बरीच वाकली आहे. तिनं फोटोकडे पाहिलंही नाही.

“वच्छे, डोळं कुटं हायत?”

“धोंडीरामाच्या देवळात.”

“नक्की? त्येच? आमी लुगड्याच्या पदरानं पुसायचो त्ये?”

“तेच. जसे बसले होते तसे.”

“मग दोन वर्सं मी रावजीच्या नारळाला काय म्हून दंडवत घालतीया? त्येला डोळं हायत व्हय?”

आधी कोणीतरी हसलं, मग सगळ्या बायका. रावजी म्हणाला, “म्हातारे, तू हाईस कुनाच्या बाजूची?”

“जी मला बघती तिच्या.” आणि ती माझ्याकडे वळली. “दगुड ऱ्हाऊ दे पान्यात. त्यो तिचा ठाव हाय. पर ववशाला, ओटी भराया, तोंडाम्होरं जावं लागतं. तुझ्या भावानं तोंड आनलं आन आमाला सांगितलं न्हाय, ह्ये वंगाळ केलं. आनलं, ह्ये बरं केलं. दोनी सांग त्येला.”

दोन्ही सांगितली.

रावजीनं काही मान्य केलेलं नाही. जाताना तो म्हणत होता की पुरुषमंडळी पुन्हा बसतील. पण बायकांचं तिथल्या तिथं ठरलं. येत्या मंगळवारी माळावरच्या बायका ओटी घेऊन नव्या वाघोरीला येणार आहेत. तुझ्या देवळाचं दार उघडं ठेव. खोळीखाली त्यांना बघायचं असेल तर बघू दे, अडवू नको, आणि आधी झाकूनही ठेवू नको. कोणी विचारलं तर तुझ्या तोंडानं सांग काय झालं. मी रचलं तसं नसेल तर जसं झालं तसं सांग.

तू रागावून गेलास, की लाज वाटून, की सुटल्यासारखं होऊन, हे मला पाठमोरं पाहून कळलं नाही. पाण्याखाली मला जेवढं दिसलं तेवढंही दिसलं नाही. मी जे बोलले त्यातला शब्दही मागं घेत नाही. तू रागावला असशील तर रागावलास म्हणून लिही, म्हणजे निदान एक गोष्ट माझ्यापुढं स्पष्ट होईल.

मंगळवारी त्या बायकांबरोबर मीही येते आहे. सारजाबाईला एसटीत चढवायला कोणीतरी हवं, हे एक कारण. जुनं वाघोरी बुडल्यापासून मी कुठंच माहेरी गेलेले नाही, हे दुसरं. नव्या वाघोरीत तुझं घर कोणत्या आळीला आहे, ते मला माहीत नाही.

मी उतरू कुठं, देवळाच्या ओट्यावर की तुझ्याकडे, ते कळव. कळवलं नाहीस तर मी विचारत विचारत घरीच येईन.

आक्का